विसळलेला कप

पौषातल्या दुपारी चारच्या सुमारास अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या इमारतीच्या जिन्यात उन्हाची एक तिरपी पट्टी उतरायची, आणि वारा एमआयडीसीकडून वाहत असला तर त्या कोवळ्या, पिवळसर उन्हालाच कुजक्या अंड्यांचा वास येतो की काय, असं वाटत राहायचं. त्या वासावर मात करून दरवळायचा तो वरच्या मजल्यावरच्या सुधाकाकूंचा आलं घातलेला चहा. आणि चहा संपला की हटकून ऐकू यायचा तो एक बारीक, ओला आवाज. नळाची करंगळीएवढी धार, तिच्याखाली फिरणारा कप, आईच्या हातातल्या काचेच्या बांगड्यांची किणकिण आणि शेवटी ओट्याच्या काळ्या कडाप्प्यावर कप पालथा पडल्याचा हलकासा टक्. इतकी वर्षं लोटली, पण आजही कुणाच्या स्वयंपाकघरात असा एकटा कप विसळला जात असला की माझे कान आपोआप तिकडे वळतात.

दुसऱ्याच्या घरी चहा घेतला की आई आपला कप आपणच विसळून ठेवायची. शेवटचा घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच ती उठायची, बोलणं अर्धवट टाकून मोरीकडे जायची, आणि काकू मागून ‘‘अहो, असू द्या हो सुमनताई, कशाला तुम्ही?’’ असं म्हणेपर्यंत कप पालथा झालेला असायचा. इमारतीतल्या बायकांना या वळणाचं भारी कौतुक होतं, आणि मलाही तो आईचा चांगुलपणाच वाटायचा. पण माझा स्वभाव लहानपणापासून संशयी. दूधवाल्याच्या मापापासून वर्गातल्या मैत्रिणीच्या गोड बोलण्यापर्यंत कशावरही माझा चटकन विश्वास बसत नसे, आणि अशा माणसाला खटकायचं ते खटकतंच. बदलापूरला हेंद्रेपाड्यात माझी मावशी राहायची. तिच्याकडे गेलं की हीच माझी आई पाय पसरून बसायची, चहा भुरकायची आणि रिकामा कप खिडकीत तसाच ठेवून द्यायची, त्यावर माशा घोंगावेपर्यंत! चांगुलपणा असा घर बघून कसा येतो, असं मी तिला एकदा तोंडावर विचारलं.

ती तवा घासत होती. हात न थांबवता, मान वर न करता तिनं सांगितलं. ती सात वर्षांची असताना तिच्या आईबरोबर गावातल्या एका मोठ्या घरी शेण काढायला जायची. तिकडे गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि कोनाड्यात कान तुटलेला एक कप. या दोघींसाठी चहा यायचा तो वरून, हातभर अंतरावरून ओतलेला, आणि पिऊन झाल्यावर तो कप आपणच धुऊन पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचा. ‘‘पालथाच,’’ आई म्हणाली. ‘‘उताणा दिसला की बोलणी बसायची.’’ पुढे आजोबांनी धम्म घेतला, गाव सुटलं, लग्न होऊन ती इथं आली. बाबांची केमिकल कंपनीतली पाळीची नोकरी, दोन खोल्यांची जागा, भिंतीवर बुद्धाची तसबीर. कोनाडा कधीच मागे पडला होता. ‘‘आता मीच आधी धुऊन ठेवते,’’ तव्यावर राखेचा शेवटचा हात फिरवत ती म्हणाली, ‘‘म्हणजे आपल्या मागनं काय करतात ते बघायला नको.’’

पण तिनं ते बघितलं होतं, हेच तर दुखणं होतं. एका दुपारी ती काकूंकडे सुईदोऱ्याची डबी विसरली आणि अर्ध्या जिन्यातून परत वर गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मोरीशी काकू उभ्या होत्या आणि आईनं नुकताच विसळून पालथा घातलेला कप हातात घेऊन, काथ्याला पावडर लावून, तो आतून-बाहेरून घासत होत्या. धुतलेला कप पुन्हा धुवत होत्या! आई डबी न घेताच खाली आली. बाबांना तिनं हे कधी सांगितलं नाही, मला मात्र सांगितलं, आणि तेव्हापासून आम्हा दोघींच्या मनात एकच प्रश्न ठाण मांडून बसला. काकू सगळ्यांचेच कप असे पुन्हा धुतात, की फक्त आईचा?

काकू वाईट असत्या तर बरं झालं असतं, इतक्या त्या चांगल्या होत्या. कंपनीत गॅस लागून बाबा चार दिवस दवाखान्यात होते तेव्हा मुगाची खिचडी त्यांच्याकडूनच यायची, माझं गणित त्यांनीच घोटून घेतलं होतं, आणि ‘‘सोवळं-ओवळं आमच्या सासूबाईंबरोबरच गेलं हो,’’ असं त्या वरचेवर म्हणायच्याही. मला मात्र त्या वाक्याचाच जास्त संशय यायचा. कुणी विचारलेलं नसताना हे सांगायची गरज काय, असं मनात यायचं, आणि असं आपल्या मनात यावं याची लाजही वाटायची.

अशात, नव्वदीच्या सुरुवातीच्या एका थंडीत, काकूंकडे ते यंत्र आलं. काकूंचे यजमान एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंगच्या कारखान्यात फोरमन होते आणि त्यांच्या हाताला सतत काहीतरी उघडून बघण्याची खाज असायची. इकडे काकूंचे हात पावडरीनं फुटले होते, बोटांच्या पेरांवर भेगा पडून रक्त दिसायचं, आणि डॉक्टरांनी सहा महिने पाण्यात हात घालायचा नाही, अशी ताकीद दिली होती. तेव्हा काकांनी उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी व्यापाऱ्याकडून भांडी धुण्याचं परदेशी यंत्र टेम्पोत घालून आणलं. ‘‘साईं, चीज पक्की है, जहाज से उतरी है,’’ असं त्या व्यापाऱ्यानं म्हटल्याचं काका अभिमानानं सांगत, आणि बाबा मिशीतल्या मिशीत हसत, कारण जहाजावरून उतरलेल्या त्या वस्तूच्या पाठीमागे स्क्रू मात्र चार वेगवेगळ्या जातींचे होते. गोदरेजच्या बुटक्या कपाटाएवढं, पिवळट पांढऱ्या रंगाचं ते धूड काकूंच्या मोरीत येऊन बसलं, आणि सगळी इमारत ते बघायला लोटली. कुणाला वाटलं, काचा फुटतील. कुणाला वाटलं, विजेचा झटका बसेल. शेजारच्या एका बाईंनी तर, आतून एखादी वाटी खाऊन टाकत असेल मेलं, अशीही शंका काढली.

आईची शंका निराळी होती. तिनं दारात वाकून आतल्या जाळ्या बघितल्या, एका ओळीत उभे केलेले कप बघितले आणि काकांना विचारलं, ‘‘आत सगळं एकत्रच धुतलं जातं?’’ काकांना वाटलं, बाईंना तांत्रिक माहिती हवीय. त्यांनी उत्साहानं फिरणारे दांडे दाखवले, गरम पाण्याचे फवारे समजावले. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, ‘‘म्हणजे कुठला कप कुणाचा, ते ह्याला ठावं नाही?’’ काका खळखळून हसले आणि म्हणाले, ‘‘यंत्राला हो कसलं आलंय ठाऊक असणं!’’

त्या दिवशी चहा झाल्यावर आई सवयीनं उठली, तर काकूंनी तिच्या हातातून कप काढून घेतला. आता यंत्र आहे, आता तुमचं काही चालायचं नाही, असं म्हणून तो त्यांनी जाळीत ठेवला आणि दार लावून टाकलं. आई क्षणभर हात तसेच पुढे धरून उभी राहिली. मला वाटलं होतं, तिला हायसं वाटेल. कसलं काय! दोन दिवस तिचं कशात लक्ष लागेना. आपल्या हातानं विसळलेल्या कपाचं पुढे काय होतं, ते निदान तिनं पाहिलं तरी होतं. या बंद पेटीतून निघालेला कप नंतर कोण हातात घेतं, कुठं ठेवतं, पुन्हा धुतं की काय, याचा आता थांगच लागणार नव्हता. इतकी वर्षं तिनं स्वतःची एक सोय करून ठेवली होती आणि तीच त्या यंत्रानं काढून घेतली होती.

मग काकांच्या डोक्यात मोजमापाचं खूळ शिरलं. पाणी आमच्याकडे सकाळी तासभर यायचं, एरवी बोअरच्या टाकीवर भागवायचं. यंत्र पाणी फार पितं अशी कुजबुज इमारतीत सुरू झाली होती आणि काकांना ती फार लागली होती. एका रविवारी त्यांनी जाहीर केलं की हाताची आणि यंत्राची कार्यक्षमता समोरासमोर तपासून बघायची, आणि हाताच्या बाजूनं सुमनताई, कारण त्यांच्याइतकं स्वच्छ या इमारतीत कुणी घासत नाही. आईनं नको नको म्हटलं, पण आतून ती सुखावली होती, हे मला कळत होतं. दोन्ही घरची भांडी वर गोळा झाली आणि काकांनी पत्ते वाटावेत तशी ती दोन ढिगांत वाटली, एक इकडे, एक तिकडे. स्टीलच्या ताटवाट्यांवर नावं कोरलेली असल्यामुळे कुठलं कुणाचं ते कळत होतं. कपांवर मात्र कुणाचंच नाव नव्हतं.

आता, दोन्हीकडचे कप सारखेच खरकटे हवेत म्हणून आधी सगळ्यांनी चहा प्यायचा, असं ठरलं. मोजताना एक कप कमी भरला. ‘‘जा गं, खालून एक कप आण,’’ काका मला म्हणाले. मी धावत खाली गेले. आमचे होते नव्हते ते सगळे कप वर आलेले होते. फक्त फळीवर, डब्यांच्या मागे, सोनेरी काठाचा एक कप तेवढा राहिला होता. तो घेऊन मी वर आले. मी तेव्हा अकरावीत होते, चांगली कळती होते, तरी माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

चहा झाला आणि सामना सुरू झाला. मोरीच्या एका कोपऱ्यात यंत्र घरघरू लागलं, बाहेर पडणारं पाणी मोजायला त्याची सांडपाण्याची नळी काकांनी बादलीत सोडली, आणि दुसऱ्या कोपऱ्यात आई पदर खोचून पाटावर बसली. तिची भांडी घासण्याची रीत मी जन्मभर पाहिली होती, पण त्या दिवशी ती पहिल्यांदाच नीट बघितली. नळाला तिनं हातसुद्धा लावला नाही. खरकटं नारळाच्या करवंटीनं खरवडून एका बाजूला केलं, ओलसर काथ्यावर चिमूट-चिमूट पावडर घेऊन सगळी भांडी कोरडीच घासून काढली आणि मग विसळायला घेतली ती आधी पेले आणि कप, त्यांचं निथळतं पाणी खाली मांडलेल्या ताटांवर, ताटांवरचं कढईवर. एकेक तांब्या पाणी तीन-तीनदा कामाला येत होतं. बावीस मिनिटांत ढीग संपत आला, आणि एक बादली नि वर दोन तांबे, एवढंच पाणी लागलं. तोवर यंत्रानं तिसरी बादली भरली होती, पाचवी भरेपर्यंत ते थांबणार नव्हतं, आणि त्याचं अजून बरंच बाकी होतं. इतकं काटेकोर, इतकं निर्मळ घासायला ही बाई कुठं शिकली, असं शेजारच्या बाई म्हणाल्या. मला कोनाडा आठवला.

तेवढ्यात काकू आईच्या ओल्या भांड्यांशी वाकल्या आणि त्यांनी सोनेरी काठाचा तो कप उचलला. ‘‘अगंबाई, हा तर माझा कप!’’ त्या हसत म्हणाल्या. ‘‘तुमच्याकडे आले की मला नेहमी यातच चहा मिळतो.’’

आणि मी, मोठ्या कौतुकानं, अगदी छाती फुगवून बोलून गेले, ‘‘हो, तो तुमचाच आहे. आमच्याकडे दुसरं कुणी त्याला हातसुद्धा लावत नाही. आई तो वेगळाच ठेवते.’’

शब्द तोंडातून निघाले आणि ते मीच पहिल्यांदा ऐकले. आईचे हात थांबले. वेगळा कप! आमच्या घरात, बुद्धाच्या तसबिरीखाली, फळीवर डब्यांच्या मागे. काकूंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला होता. ‘‘म्हणजे माझा कप तुम्ही वेगळा ठेवता, सुमनताई?’’

‘‘तुम्हाला चालावं म्हणून,’’ आई म्हणाली. ‘‘नवा आणला होता. कुणाचं तोंड न लागलेला.’’

‘‘मी कधी मागितला होता?’’

आई पाटावरून उठली नाही. हातातलं ताट खाली ठेवून तिनं काकूंकडे सरळ पाहिलं, आणि इतक्या वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. ‘‘मागितला नाहीत. पण मी धुतलेला कप तुम्ही पुन्हा धुता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. का धुता?’’

यंत्र घरघरत होतं, नळीतून बादलीत वाफाळतं पाणी पडत होतं, आणि शेजारच्या बाई एकाएकी खिडकीबाहेर बघू लागल्या. काकूंनी कप खाली ठेवला. मग त्यांनी आपले दोन्ही हात आईसमोर धरले, मलम चोपडलेले, भेगाळलेले, नखांच्या कडा सोललेले. ‘‘मी सगळंच दोनदा धुते हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वेडच आहे मला. उगाच का हे असे झालेत? ह्यांना विचारा हवं तर.’’

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका हातातल्या घड्याळाकडे बघत होते. ‘‘अजून अठरा मिनिटं लागतील,’’ ते म्हणाले.

मी त्या वाक्यावर पुढे किती विचार केला असेल, काय सांगू! ते गोंधळले होते, की खोटं बोलणं टाळत होते? काकूंचे हात खरे होते, हे मी कधीही कबूल करीन. पण हात काही कुणाचे कप घासून फुटले ते सांगत नाहीत. आणि आमच्या आईचं तरी काय? ज्या कपाच्या धाकात तिचं बालपण गेलं, तसलाच एक कप, सोन्याचा काठ लावून का होईना, तिनं आपल्या हातानं फळीवर ठेवला होता. दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालायला मी तयार नाही. काकूंना लागलं ते एका रविवारी. आईला सातव्या वर्षापासून लागत होतं. कोनाड्यातला कप दुसऱ्याला दूर ठेवण्यासाठी होता आणि आमच्या फळीवरचा आपण दूर ठेवले जाऊ नये म्हणून. तरीही, तो कप वेगळा होता तो होताच, आणि हे मी स्वतःपासून लपवू शकले नाही.

यंत्र थांबलं तेव्हा काकांनी निकाल वाचून दाखवला, पाण्यात आणि वेळेत हात पुढे, श्रमात यंत्र पुढे, आणि एका वाटीच्या तळाशी चिकटून राहिलेलं भाताचं शितही प्रामाणिकपणे दाखवलं. ते ऐकायला तिथं माझ्याखेरीज फारसं कुणी उरलं नव्हतं. आई आपली भांडी टोपलीत भरून खाली निघून आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाबांना चहा दिला तो सोनेरी काठाच्या कपात. बाबांनी कप फिरवून बघितला आणि विचारलं, आज काय विशेष. ‘‘काही नाही,’’ आई म्हणाली, ‘‘कप आहे, चहा प्यायला.’’ बाबांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि ते चहा पिऊन पहिल्या पाळीची रिक्षा पकडायला गेले.

महिनाभर वरचं-खालचं जाणं-येणं बंद होतं. त्या काळात बोअरच्या जड पाण्यानं यंत्राची भोकं पांढऱ्या क्षारानं बुजली आणि ते जे बसलं ते कायमचं. काकांनी ते दोनदा सगळं उघडलं आणि दोनदा बंद केलं. त्याच्यावर पुढे बरण्या ठेवल्या जाऊ लागल्या, आणि काकू रबरी हातमोजे घालून पुन्हा हातानं भांडी घासू लागल्या. फाल्गुनात एका दुपारी त्या आमच्या दारात आल्या. सरळ आत आल्या आणि मांडणीवरचा टवका उडालेला, आमचा रोजचा कप स्वतः उचलून आईपुढे धरला. ‘‘यात द्या,’’ म्हणाल्या. आईनं दिला. त्या प्यायल्या आणि गेल्या. हे मनापासून होतं की दाखवायला, असं मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, ‘‘कुणाच्या मनात शिरून कोण बघतंय?’’

पुढच्या आठवड्यात आई वर गेली आणि मीही तिच्याबरोबर गेले. जिन्यात तीच तिरपी उन्हाची पट्टी होती, फक्त आता तिला ऊब आली होती, आणि खिडकीबाहेरच्या शिरीषाला फुलांचा मंद वास सुटला होता. चहा झाला. मी आईच्या गुडघ्यांकडे बघत होते, ती आता उठेल, आता उठेल म्हणून. कप तिच्या समोर टीपॉयवर होता, तळाशी चहाचा गाळ, काठावर तिच्या ओठांची पुसट खूण. तिची बोटं एकदा पदराशी चाळवली. मग तिनं दोन्ही हात मांडीवर एकात एक घट्ट गुंफले आणि ती बसून राहिली. काकूंच्या माहेरच्या लग्नाची हकिकत तिनं शेवटपर्यंत ऐकली, ‘‘येते हं,’’ म्हणाली, आणि कप तिथंच, तसाच उष्टा, उताणा ठेवून निघाली.

जिन्याच्या वळणावर मी तिचा हात धरून तिला थांबवलं. वर नळ सुटला होता. आता कळणार होतं. एकदा धुतला जातो की दोनदा, एकटा धुतला जातो की सगळ्यांबरोबर, इतक्या वर्षांचा प्रश्न आता या वळणावर नुसतं उभं राहून सुटणार होता. आईनं माझ्याकडे पाहिलं, हात सोडवून घेतला आणि म्हणाली, ‘‘मला नाही ऐकायचं. तुला ऐकायचं तर ऐक.’’ ती खाली उतरून गेली, आणि तिच्या बांगड्यांचा आवाज आमच्या दारापर्यंत जाऊन थांबला.

मी संशयी, मी थांबले. भिंतीला टेकून, श्वास धरून ऐकत राहिले. वर पाणी पडत होतं, काकांचा कप, काकूंचा, माझा, आईचा, बशा, चमचे, सगळं एकमेकांवर आपटून वाजत होतं, थांबत होतं आणि पुन्हा वाजत होतं. त्यात आईचा कप कुठला, ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.